प्रवास, भूदृश्य आणि कलानिर्मिती : बेळगाव सीमाभाग

प्रवास, भूदृश्य आणि कलानिर्मिती : पायी हिंडताना, गाडीतून जाताना किंवा एका जागी वर्षानुवर्षे राहताना अंगवळणी पडलेला प्रदेश (त्याची माती, पाणी, हवा, वाटा आणि बोली) लेखकाच्या, चित्रकाराच्या किंवा गायकाच्या निर्मितीत उतरण्याची प्रक्रिया. या नोंदीत ती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक आणि सौंदत्ती या कर्नाटकाच्या सीमेवरील मुलखापुरती पाहिली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्याच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते मुख्यतः सीमाप्रश्नाच्या अंगाने. त्या धामधुमीत इथला पाऊस, माळ आणि डोंगर यांच्याकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेले नाही. ही हानी लहान नाही.

बेळगाव शहर सह्याद्रीच्या माथ्यावर, पठाराच्या कडेला वसले आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने निघाले की तांबडी जांभी माती, भातखाचरे आणि थोड्याच वेळात दाट जंगल लागते. पुढे चोर्ला घाट उतरला की गोवा. पूर्वेला गोकाक-अथणीकडे वळावे, तर झाडी विरळ होत जाते, जमीन काळी होते, ज्वारीचे शिवार सुरू होते आणि आभाळ एकदम मोठे दिसू लागते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. म्हादई त्याच खानापूर तालुक्यात उगम पावून पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. एका तालुक्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. बोलींचेही तसेच आहे. सकाळी एसटीत बसलेला माणूस दुपारपर्यंत मराठी, कन्नड आणि कोकणी या तिन्हींतून जाऊन येतो. इथल्या कलावंताला पालट अनुभवायला दूर जावे लागत नाही, आणि या भागाच्या साहित्यात लांबच्या सफरींपेक्षा रोजच्या छोट्या येण्याजाण्याचे ठसे खोल उमटले, त्याचे कारण हेच असावे.

येण्याजाण्याची सर्वांत जुनी रीत जत्रेची. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला महाराष्ट्र-कर्नाटकातून भक्त येतात. पूर्वी बैलगाड्यांचे तांडे दिवसचे दिवस वाटेवर असत. ‘उदं गं आई उदं’चा गजर, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली परडी) घेतलेले जोगती-जोगतिणी (देवीला वाहिलेले स्त्री-पुरुष), चौंडके हे तंतुवाद्य आणि तुणतुणे यांवरची गाणी या वाटेवरच वाढली आणि मराठी व कन्नड दोन्हींत गायली गेली. या गाण्यांची गोडी सांगताना एक गोष्ट झाकता येत नाही : देवीला मुली सोडण्याच्या प्रथेने कित्येक बायकांची आयुष्ये होरपळली. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेला कायद्याने बंदी घातली. चौंडक्याच्या सुरात ते दुःखही आहे, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकले पाहिजे.

आधुनिक लेखकांत या विषयासाठी पहिले नाव घ्यावे लागते ते काका कालेलकर (१८८५–१९८१) यांचे. जन्म साताऱ्याचा, वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बालपण गावोगावी गेले आणि त्यात बेळगावचा परिसरही आला. बदलीचे बिऱ्हाड हा एका अर्थी सक्तीचा प्रवासच. मूल रुळते न रुळते तोच सामान बांधले जाते, आणि मागे राहिलेली नदी किंवा टेकडी त्याच्या आठवणीत ठाण मांडून बसते. १९१२ मध्ये कालेलकर हिमालयात पायी हिंडले आणि त्या यात्रेवरचे त्यांचे गुजराती पुस्तक प्रसिद्धच आहे. पुढे त्यांनी देशभरातल्या नद्यांवर लेख लिहिले. नदी म्हणजे लोकमाता, ही त्यांची धारणा. पण बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या परिसरातून वाहणाऱ्या, वैजनाथाच्या डोंगराकडून येणाऱ्या मार्कंडी नदीवर लिहिताना त्यांनी तिला माता म्हटले नाही, सखी म्हटले. गंगा, गोदावरी, कृष्णा यांच्यापुढे ही नदी म्हणजे ओढाच. पुढे ती घटप्रभेला मिळते आणि तिचे नावही उरत नाही. तरीही जिच्या काठी लहानपण गेले, तिच्यासाठी त्यांना वेगळे नाते शोधावे लागले. प्रदेश माणसात कसा मुरतो, याचे याहून नेमके उदाहरण या मुलखात सापडणार नाही. मोठ्या नद्यांपुढे हात जोडता येतात. बरोबरीने खेळता येते ते ओढ्याशी. कालेलकरांचे बरेचसे लेखन गुजरातीत झाले. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, आणि मराठी वाचक या लेखकाला जवळजवळ विसरला. बेळगुंदीच्या शाळेतल्या मुलांच्या हाती तरी ‘सखी मार्कंडी’ हा लेख पडायला हवा.

इंदिरा संत (१९१४–२०००) यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील इंडीचा. आयुष्याचा मोठा काळ बेळगावात गेला. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ या संग्रहांतून पाऊस, ओली माती, संध्याकाळ, वेल आणि अंगण पुन्हापुन्हा येतात, पण स्थळाचे नाव क्वचितच. त्यांच्या कवितेत निसर्ग पाहिला जात नाही, सोसला जातो. १९४६ मध्ये पती ना. मा. संत यांच्या मृत्यूनंतर घर आणि नोकरी यांच्या चौकटीत राहून त्यांनी लिहिले. ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बायकांच्या तोंडच्या ओव्यांवरचे ‘मालनगाथा’ हे त्यांचे काम या विषयाच्या दृष्टीने कवितेइतकेच मोलाचे आहे. सासर-माहेरची वाट हा जुन्या काळच्या बाईला मिळालेला एकमेव प्रवास. जात्यावरच्या ओवीत त्या वाटेवरचे झाड, विहीर आणि वळण सगळे साठवलेले असते.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे उदाहरण उलट्या टोकाचे वाटते. जन्म चिकोडीजवळच्या एकसंब्याचा, शिक्षण बेळगावात, आणि पुढची बहुतेक वर्षे धारवाडात इंग्रजी शिकवण्यात गेली. सभासमारंभांपासून ते दूर राहिले. मात्र मराठी कथेतले सर्वांत लांबचे प्रवास त्यांनीच घडवले. ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत व दोन्ही वाटचालीच्या. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘यात्रिक’मध्ये सर्व्हान्टिसच्या स्पॅनिश कादंबरीतला भटका सरदार डॉन किहोटे भेटतो. या कथांतली गावे नकाशावर नाहीत. परंतु त्यांतले तापलेले खडक, निर्मनुष्य माळ, डोळे दिपवणारे ऊन ज्याने गोकाक-सौंदत्तीकडचा चैत्र पाहिला आहे त्याला परके वाटत नाही. हे अनुमान आहे, लेखकाची कबुली नव्हे. पण ते सोडवत नाही. उघडपणे बेळगावचे असे लेखन ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’मध्ये आहे.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) कराडला भूशास्त्राचे प्राध्यापक होते. दगडमाती वाचणे हा त्यांचा व्यवसाय, पण ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांत त्यांनी प्रदेश उभा केला तो लंपन या मुलाच्या चालण्यातून आणि कानडी हेल असलेल्या मराठीतून. भूदृश्य भाषेत असते, हे त्यांनी दाखवले. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. ‘गणगोत’मधले रावसाहेब त्यांना इथेच भेटले. बाहेरून आलेल्या या लेखकानेही इथून डोंगर-धबधबे नेले नाहीत, नेली ती बोली. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळतो, पावसाळ्यात हजारो लोक तो बघून येतात. मराठी साहित्यात मात्र तो क्षीण आहे.

चित्रकलेत के. बी. कुलकर्णी यांची बेळगावातील ‘चित्रमंदिर’ ही कलाशाळा महत्त्वाची. रवी परांजपे (१९३५–२०२२) मूळचे बेळगावचे आणि त्यांचेच विद्यार्थी. या हवेत जलरंगात काम करणे ही कसोटी आहे : आषाढात कागदावरचा वॉश (पातळ रंगाचा थर) वाळत नाही, ढग सरकला की छाया बदलते, आणि हिरव्याच्या इतक्या छटा समोर असतात की नवख्याचा हात गोंधळतो.

संगीतात कुमार गंधर्व (१९२४–१९९२). जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी ते १९४८ मध्ये माळव्यात देवासला गेले. गाणे बंद होते, तेव्हा अंथरुणावरून कानी पडणारी माळव्यातली लोकगीते त्यांनी टिपली. त्या धुनांतून त्यांचे धुनउगम (लोकधुनांतून उगवलेले) राग आणि ऋतूंवरचे ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे कार्यक्रम आले. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाकडे मुलूख स्वतः चालत आला.

आज या परंपरेचे जिवंत रूप गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांत दिसते. बेळगाव शहराने १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन अखिल भारतीय संमेलने पाहिली. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी या गावांनी मात्र आपापली संमेलने उभी केली आहेत. भाताच्या सुगीनंतर, हिवाळ्यात ती भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते : पालखीत पुस्तके, पुढे टाळ-मृदंग आणि लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली. दिंडी गावच्या गल्ल्यांतून फिरून मंडपात पोहोचते, आणि मग कवी उभे राहतात.