विदर्भातल्या खेड्यातला पेहराव आणि दागदागिने

महाराष्ट्रीय पोशाख म्हटलं की आजकाल मोबाईलवर पैठणी, मोत्याची नथ आणि भगवा फेटा एवढंच दिसतं, पण विदर्भातल्या खेड्यात जुनी माणसं जे घालायची त्यात यातलं फार थोडं होतं. बायांचं रोजचं म्हणजे नऊवारी लुगडं अन् चोळी, गड्यांचं धोतर, बंडी नाहीतर सदरा, डोक्याला टोपी किंवा दुपट्टा, आणि दागिन्यात सोन्यापेक्षा चांदी जास्त. वऱ्हाडात कपाशी अन् पूर्वेकडं झाडीपट्टीत धान, ऊन मात्र दोन्हीकडं सारखंच, मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळं अंगावर काय राहील ते बरंचसं शेत अन् उन्हानंच ठरवलेलं आहे.

लुगडं नऊ वार, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कंबरेला घट्ट गाठ मारायची, निऱ्या खोचायच्या आणि पायातून नेऊन मागं कासोटा. धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) रोवणा, म्हणजे भाताची रोपं, लावताना तेच लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेता येतं, गोल साडीत ते जमत नाही. पदर डोक्यावर, सासरा नाहीतर भासरा (नवऱ्याचा मोठा भाऊ) समोर आला की आणखी पुढं ओढलेला. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात चार पैसे आणि कंबरेला खोचलेली पान-सुपारीची चंची, म्हणजे पर्स वगैरे काही लागायचंच नाही. चोळीला बटणं नसायची, समोर गाठ असायची, मग झंपर आला आणि आता सगळे ब्लाऊजच म्हणतात.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा अवतार वेगळाच असतो. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळलेला आणि कंबरेला कापडाची ओटी, त्यात वेचलेला कापूस भरत जायचा. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं हाताला ओरबाडतात म्हणून शर्ट. हा शर्ट कुणी पारंपरिक पोशाखाच्या यादीत घेत नाही, माझ्या मते घ्यायला पाहिजे, अर्ध्या विदर्भातल्या बाया त्याच्यातच राबल्या आहेत.

सणासुदीचं लुगडं इकडच्याच मागावरचं असायचं. उमरेड, पवनी, मोहाडी, आंधळगाव ही कोष्टी विणकरांची गावं, आणि भंडारा-नागपूर भागातली करवती काठाची टसर (रानातल्या रेशमाची) साडी तर प्रसिद्धच, तिच्या काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते आणि काठ-अंग एकमेकांत अडकवत विणायला तीन धोटे चालवावे लागतात. टसरचा कोसा गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर निघतो, अळ्या पाळायचं काम बरेच ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजाचे) लोक करतात, अळीला पाखरं खातात म्हणून झाडाखाली राखण बसून राहावी लागते. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मागोमाग हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा अशा गावांत पण गिरण्या निघाल्या आणि स्वस्त गिरणीचं कापड खेड्यातल्या बाजारात आलं. त्यानं मागावाल्यांचं रोजचं गिऱ्हाईक नेलं, लग्नाचं तेवढं राहिलं.

गड्यांच्या कपड्यात धोतर कुठवर आहे त्यावरून माणूस ओळखू यायचा. मालगुजार (गावचा जमीनदार) नाहीतर पाटलाचं घोट्यापर्यंत, मजुराचं गुडघ्याच्या वर. बंडीला आतून चोरखिसा, बाजारच्या दिवशी कापसाचे पैसे त्यात. पटका नाहीतर पागोटं लग्नकार्यापुरतं, पांढरी गांधी टोपी मात्र इकडं जरा जास्तच रुजली, कारण गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले आणि आजूबाजूला खादीचं काम उभं झालं, वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ चं आहे, त्यात चरखे वगैरे बघायला मिळतात. या सगळ्या पोशाखाची उलटी बाजू बघायची तर गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावर चिंध्यांचं ठिगळ लावलेलं कापड, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोक भिकबाळ्या अन् कडी मिरवतात तिथं हा माणूस असा फिरला.

आता दागिने. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळी पोत आणि त्यात सोन्याचं डोरलं, हे सगळ्यांकडं, गरिबातल्या गरिबाकडं सुद्धा. थोडं बरं असलं की एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांचा एकच सर, बोरमाळ, पुतळ्या. हातात काचेचा चुडा, त्याच्या मागं-पुढं गोट-पाटल्या, दंडाला येळा नाहीतर वाक्या, नाकात खडा, कपाळाला आधी मेण लावून त्यावर मोठं कुंकू म्हणजे घामानं ओघळत नाही. पायात सगळी चांदी, तोरड्या, वाळे, बोटात जोडवे. पुरुषाच्या कंबरेला करदोडा, हातात चांदीचं कडं.

हे सगळं मिरवायला कमी आणि अडीनडीला जास्त होतं. पेरणीच्या आधी बियाण्याला पैसा नसला की सोनाराकडं नाहीतर सावकाराकडं गहाण, कापूस विकला की दिवाळीच्या पुढं-मागं सोडवून आणायचं, पाऊस दगा देऊन गेला की बुडालं. म्हणून बायका भरीव दागिना बघायच्या. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, मोडायला नेली की सोनार लाख वजा करतो, वर घट धरतो, आणि वजनकाट्यावर जे उरतं ते बघून बाई गप होते. भरीव गोट तसा फसवत नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं स्वतः फेडायचं ठरवलं तेव्हा गहाण दागिने परत देणं हाच त्यातला मोठा विषय होता, यावरून हा व्यवहार किती खोलवर आहे ते समजतं.

यवतमाळ-वाशीमच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया लुगडं नेसत नाहीत, त्यांची फेटिया (घागरा), कांचळी (चोळी) आणि आरसे-कवड्या लावलेली ओढणी, तो वेगळा विषय आहे. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंड बायांचे दागिनेही वेगळे, पण गोंदण सगळ्यांत सामाईक, मेल्यावर सोबत येतं ते तेवढंच असं म्हाताऱ्या सांगतात.

आता नऊवारी फक्त आजीच्या अंगावर राहिली. घरात बाया गाऊन घालतात अन् खांद्यावर दुपट्टा टाकतात, पोरी पंजाबी ड्रेस नाहीतर जीन्स, फक्त उन्हाळ्यात स्कूटीवर निघाल्या की डोळे सोडून अख्खं तोंड दुपट्ट्यात बांधतात. लग्नात नवरदेवाला शेरवानी आणि भाड्याचा फेटा. आहेर मात्र अजून जुनाच चालतो, बायांना साडी-ब्लाऊजपीस आणि गड्यांना टॉवेल-टोपी. ती टोपी कुणी घालत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.