शाईतला वेग

अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे ओळखीचे आकार टाळून हाताच्या उत्स्फूर्त हालचालीतून भावना मांडणाऱ्या शाईचित्रासमोर उभे राहिलेले बहुतेक जण आधी त्यात घोडा, झाड किंवा चेहरा शोधतात. तो सापडत नाही आणि पाय पुढच्या चित्राकडे वळतात. माझं म्हणणं, तिथे हाताचा वेग शोधावा. तो सापडतो, कारण ही शाई खोडून पुन्हा काढता येत नाही आणि कागद ती लगेच पिऊ लागतो.

पारंपरिक काळी शाई म्हणजे पाण्यात मिसळलेली काजळी आणि तिला धरून ठेवणारा सरस किंवा लाख. कागदाच्या तंतूंमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात तेल ओढते तशी, ही शाई ओढतात. पण ओढ भराभर मंदावते: दुप्पट अंतर गाठायला चौपट वेळ लागतो. त्यामुळे कुंचला रेंगाळला तिथे डाग फुगतो, त्याच्या कडा फुटतात. तो झपकन गेला तिथे शाई कागदाच्या उंचवट्यांना नुसती चाटून जाते आणि मधूनमधून पांढरं दिसत राहतं. कमी शोषणाऱ्या कागदावर आणखी एक खूण मिळते. थेंबाची कड जागीच चिकटते, तिथलं पाणी सर्वांत लवकर उडतं, मग आतलं पाणी कडेकडे धावतं आणि काजळीचे कण सोबत नेतं. वाळलेल्या डागाला गडद किनार येते ती यामुळे. कॉफीच्या डागालाही अशीच किनार असते. 1997 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी तिचं कोडं उलगडलं.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट मदरवेलने 1965 मध्ये जपानी कागदावर शाईची पाचशेहून अधिक चित्रं झपाट्याने काढली. कुंचला उचलल्यावरही शाई पसरत राहायची आणि तो तिला पसरू द्यायचा, नंतर दुरुस्ती नाही. अर्धं काम कागदानेच केलं म्हणा ना!

‘हे तर लहान मूलही काढेल’ हा टोमणा मानसशास्त्राच्या अभ्यासक अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासला. चित्रकाराचं अमूर्त चित्र आणि मुलाचं किंवा प्राण्याचं चित्र शेजारी ठेवलं, काही जोड्यांत नावांच्या चिठ्ठ्यांची मुद्दाम अदलाबदल केली. तरीही लोकांनी नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून जास्त वेळा चित्रकाराचंच काम चांगलं म्हणून निवडलं. चुकलेही पुष्कळ जण, त्यामुळे टोमणा मारणाऱ्यांना थोडी जागा उरतेच.

छापील प्रतीवर मात्र विसंबू नये. मूळ चित्र जरा तिरकं, जवळून पाहिलं तर शाई कागदात मुरली आहे की वर साका धरून बसली आहे, ते कळतं. छपाईत दोन्ही नुसतं काळं होतं.