एम-1 की एम-2? मॅक्रोफेजच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

पुण्यात गणेशखिंडीच्या परिसरात काळा आजाराचा परजीवी आणि कर्करोगाच्या गाठी, या दोन्हींवर वर्षानुवर्षे एकाच छताखाली काम होत आले आहे. दोन्हीकडे संबंध येतो तो मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींशीच. काळा आजाराचा लीश्मानिया परजीवी त्यांच्या पोटातच वाढतो आणि कर्करोगाची गाठ त्यांना आपल्या कामाला जुंपते.

1882 मध्ये तारामाशाच्या अळीत भक्षक पेशी दिसल्या, तिथपासूनचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. आजचा वाद मात्र 2000 सालचा. उंदरांच्या दोन वाणांची तुलना झाली. काळ्या वाणाच्या मॅक्रोफेज आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवत, तर पांढऱ्या बाल्ब-सी वाणाच्या पेशी त्यापासून ऑर्निथिन बनवण्याकडे झुकत. पहिल्यांना एम-1 म्हटले गेले, दुसऱ्यांना एम-2. हेच काळे उंदीर लीश्मानियाच्या त्वचेच्या आजारातून बरे होतात, बाल्ब-सी दगावतात. कारण नायट्रिक ऑक्साइड परजीवीला मारतो, तर ऑर्निथिनपासून होणारी पॉलिअमाइन त्याच्या वाढीला लागतात. वाढत्या गाठीलाही तीच लागतात, त्यामुळे कर्करोगवाल्यांनी ही विभागणी चटकन उचलली: एम-1 चांगल्या, एम-2 वाईट.

इथेच घोळ झाला. आतड्यात राहणारे जंत फुप्फुसातून वाट काढतात तेव्हा झालेली जखम भरून काढायला इंटरल्युकिन-4 या प्रतिकारसंस्थेच्या संदेशाने जाग्या झालेल्या, म्हणजे ‘वाईट’ ठरवलेल्याच पेशी धावतात. माणसाच्या मॅक्रोफेज प्रयोगशाळेत उंदरांइतका नायट्रिक ऑक्साइड सहजी बनवत नाहीत. गाठीतल्या एकाच पेशीत तर दोन्ही गटांच्या खुणा सापडतात. तरीही 2009 मध्ये न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनाही एन-1, एन-2 अशी लेबले लागली. त्याच्या आदल्याच वर्षी दिसले होते की लीश्मानिया पसरवणारी वाळूमाशी चावल्यावर न्यूट्रोफिलच आधी पोहोचतात आणि परजीवीला गिळूनही जिवंत ठेवतात.

अखेर 2014 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी सुचवले, की पेशी कुठून घेतली आणि कशाने चेतवली ते लिहा, नुसता क्रमांक नको. माझ्या मते हे दहा वर्षे उशिरा झाले, कारण तोवर सोयीचे क्रमांक सगळीकडे रुजले होते.

नुसते चांगले-वाईट म्हणून भागत नाही, हे औषधांच्या बाबतीतही दिसते. मॅक्रोफेजना जगवणाऱ्या सीएसएफ-1 या संदेश-प्रथिनाचा पेशीवरचा ग्राही अडवून बहुतेक घन गाठी हटल्या नाहीत. 2019 मध्ये अमेरिकेत असे एक औषध मंजूर झाले ते सांध्यांच्या एका विशिष्ट गाठीसाठी. त्या गाठीतल्या मोजक्या पेशी स्वतःच सीएसएफ-1 सोडतात आणि तिचा बहुतांश भाग त्याने ओढून आणलेल्या मॅक्रोफेजचाच असतो.