कुकी मुळात कशासाठी होती?

१९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतले लू मॉन्टुली ऑनलाइन दुकानाची एक अडचण सोडवत होते. पान बदललं की सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा संगणक, ग्राहकाला विसरायचा, त्यामुळे निवडलेल्या वस्तूंची यादी टिकत नसे. मॉन्टुलींनी उपाय काढला कुकीचा: ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, जी ठेवणाऱ्या साइटलाच परत मिळेल. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणं त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण त्यावरून माणसाचा माग सगळीकडे काढता आला असता.

तरी फट राहिलीच. बातमीच्या पानावरचा बॅनर जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. तो मागवताना ब्राउझर त्या सर्व्हरशीही बोलतो, आणि सर्व्हर तुमच्या ब्राउझरसाठी स्वतःचा एक क्रमांक असलेली आपली कुकी ठेवून देतो. पुढे तुम्ही बुटांच्या दुकानाच्या साइटवर गेलात आणि तिथेही त्याच कंपनीचा बॅनर किंवा न दिसणारं एका पिक्सेलचं चित्र असलं, की जुना क्रमांक आणि नव्या पानाचा पत्ता एकत्र तिच्या हाती पडतो. हीच थर्ड-पार्टी कुकी. डबलक्लिक या जाहिरात कंपनीचा धंदा यावरच वाढला.

धोका तेव्हाच ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ च्या तांत्रिक मानकात अशा कुकी मुळातच बंद ठेवा, असं सांगितलं होतं. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही. पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ आमच्या मते याच निर्णयात आहे. १९९९ मध्ये डबलक्लिकने नाव-पत्त्यांसह खरेदीच्या नोंदी बाळगणारी ॲबॅकस डायरेक्ट घेतली. ओरड झाल्यावर २००० मध्ये कुकींमधली माहिती या नाव-पत्त्यांशी जोडण्याचा बेत थांबवावा लागला. डबलक्लिक २००८ मध्ये गुगलकडे गेली, ३.१ अब्ज डॉलरला.

त्याच सुमारास पानांवरच्या जाहिरातींच्या जागांचा थेट लिलाव सुरू झाला. पान उघडताना तुमचा क्रमांक, पानाचा पत्ता, उपकरण आणि अंदाजे ठिकाण अनेक खरेदीदारांकडे जातं आणि साधारण दशांश सेकंदात बोली ठरते. बूट घेतल्यावरही त्यांचीच जाहिरात दिसत राहते, कारण तुम्ही ते दुसऱ्या दुकानातून किंवा दुसऱ्या फोनवरून घेतलेले असतात. पहिल्या दुकानाच्या यादीत तुम्ही अजून 'पाहून गेलेले'च असता.

ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकी पूर्ण बंद केल्या. क्रोमने त्याच वर्षी तशी घोषणा केली, मुदत वारंवार वाढवली आणि २०२४ मध्ये बेत सोडला. क्रोममध्ये त्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन स्वतः बंद कराव्या लागतात. मात्र लॉग-इन केलेल्या खात्यावर जमणारी माहिती त्याने थांबत नाही. ती खात्याच्या जाहिरात सेटिंग्जमधून वेगळी बंद करावी लागते.