पळस

पळस (शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा) हा शेंगवर्गातला पानझडी वृक्ष. कोल्हापूर जिल्ह्यात मुरमाड माळ, डोंगरउतार आणि शेताचे बांध ही त्याची जागा. खोड वेडेवाकडे, उंची साधारण 10 ते 15 मीटर. माघात पाने झडू लागतात आणि फाल्गुनात उघड्या फांद्या केशरी फुलांनी लगडतात. कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला. त्या सुमारास बहर भरात असल्याने हे झाड सणाशी घट्ट जोडले गेले आहे.

फुलाचा पेला गर्द तपकिरी व मखमली असतो. पाकळ्या पाच: एक वरची उभी, दोन बाजूच्या आणि दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. वास नाही, पण मध भरपूर, त्यामुळे सूर्यपक्षी, साळुंक्या आणि खारी दिवसभर झाडावर. गावाकडची मुलेही फूल खुडून देठाकडून मध चोखतात. पांगाऱ्यालाही पळसासारखीच तीन-तीन पाने असल्याने गल्लत होते, पण पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात आणि फूल जास्त लाल असते.

रंगासाठी सकाळी झाडाखाली पडलेली ताजी फुले वेचावीत. फांद्या ओरबाडू नयेत. पुढच्या शेंगा जातातच, शिवाय पक्ष्यांचा घासही जातो. हिरवे-तपकिरी पेले काढून टाकावेत, कारण ते राहिले तर रंग मळकट येतो. पाकळ्या सावलीत, पातळ थरात तीन-चार दिवस वाळवाव्यात. ओल्या फुलांचा ढीग घातला की आतून ऊब धरते, फुले काळी पडतात आणि बुरशी येते.

वाळलेल्या 100 ग्रॅम पाकळ्या 2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर 20 मिनिटे उकळाव्यात. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत लोहाच्या संयोगाने रंग काळपट होतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. पाणी पिवळे-केशरी दिसते. चिमूटभर खायचा चुना विरघळवला की ते गडद केशरी होते, कारण पाकळ्यांतली रंगद्रव्ये अल्कधर्मी पाण्यात गडद होतात. चुना जास्त झाला तर अंगाला चुरचुरते, म्हणून तो थोडा-थोडाच घालावा. पिचकारीत भरायचे असेल तर दुहेरी सुती फडक्यातून गाळावे, नाहीतर चोथ्याने तोंड तुंबते. हा रंग साठवून चालत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येऊ लागतो. कपडा रंगवायचा असल्यास आधी तुरटीच्या पाण्यात भिजवावा लागतो, तरीही उन्हात रंग विटतोच.

पानांच्या पत्रावळी आणि द्रोण बारीक काड्यांनी टाचून करतात. फार कोवळे पान फाटते आणि जून पान टाचताना चिरते, म्हणून मधल्या वयाचे घेतात. पळसाच्या समिधा होमात लागतात. नवग्रहांत त्या चंद्रासाठी सांगितल्या आहेत. मुंजीत बटूच्या हाती दिला जाणारा दंडही परंपरेने पळसाचा. खोडातून पाझरणारा डिंक लाल व तुरट असतो. पळसपापडी, म्हणजे चपटे बी, जंतांवर वापरत आले आहेत. मात्र ते वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

रोप करायचे तर ताज्या बियाच घ्याव्यात, कारण त्यांची उगवणक्षमता लवकर घटते. चपट्या शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. मे-जूनमध्ये ते मिळते आणि ओलावा टिकला तर दोन आठवड्यांच्या आसपास उगवते. सोटमूळ झपाट्याने खोल जाते. आखूड पिशवीत ते तळाशी गुंडाळले जाऊन लावल्यावर रोप खुंटते. म्हणून किमान 30 सेंटिमीटर खोल पिशवी घ्यावी किंवा बी जागेवरच टोकावे. पाणी साचणारी जागा टाळावी. वणव्याने किंवा तोडीने झाड जमिनीसपाट झाले तरी मुळांतून नवे धुमारे येतात. ते राखायचे असतील तर त्या जागी पुढचे दोन-तीन उन्हाळे गवत पेटू देऊ नये.