खोटं बोलणं वेगळं, खरं न सांगणं वेगळं

ख्रिस्ती माणसाने कधी खोटं बोललं तर चालेल का, हा प्रश्न बायबल-अभ्यासात निघाला की कुणीतरी राहाबचं नाव घेतंच. यरीहोतल्या या बाईने इस्राएलचे दोन हेर छपरावर दडवले आणि राजाच्या माणसांना सांगितलं की ते वेस बंद व्हायच्या सुमारास निघून गेले. नव्या करारात इब्री लोकांस पत्र आणि याकोबाचं पत्र दोन्ही तिचा गौरव करतात. मग खोटं चालतं, असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात.

मला हा निकाल घाईचा वाटतो. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. जे खरं नाही हे ठाऊक असताना ते खरं म्हणून सांगणं ही एक. खरं ठाऊक असून ते समोरच्याला न सांगणं ही दुसरी. दोन्हींत समोरचा अंधारात राहतो, म्हणून त्या सारख्या वाटतात. ख्रिस्ती परंपरेने मात्र त्या कायम वेगळ्या धरल्या.

दुसरीला बायबलमध्ये भरपूर जागा आहे. हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले तरी येशूने एकाचंही उत्तर दिलं नाही. दाविदाला राजा म्हणून अभिषेक करायला निघालेल्या संदेष्टा शमुवेलाला गादीवरच्या शौल राजाची भीती वाटली, तेव्हा देवाने त्याला कालवड बरोबर न्यायला आणि ‘यज्ञ करायला आलो आहे’ असं सांगायला लावलं. यज्ञ खरंच झाला, फक्त उरलेलं कारण त्याने सांगितलं नाही. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापकबुलीत, ऐकलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत, तेही याच रांगेतलं.

खोट्याबाबत सर्वांत कडक भूमिका चौथ्या-पाचव्या शतकातले धर्मपंडित संत ऑगस्टीन यांची. जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटं नको, असं ते म्हणतात, आणि थगास्ते गावचे बिशप फर्मस यांचं उदाहरण देतात. त्यांनी एका माणसाला आसरा दिला होता. सम्राटाची माणसं शोधत आली तेव्हा ते म्हणाले, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही. छळ सोसला, पण तोंड उघडलं नाही. शेवटी सम्राटाने त्या माणसाला माफी दिली. राहाबबद्दल ऑगस्टीन म्हणतात, देवाने गौरव केला तो तिच्या दयेचा, तिच्या खोट्याचा नव्हे.

पण हेच ऑगस्टीन एके ठिकाणी हेलावतात. आजारी बाप विचारतो, मुलगा कसा आहे? मुलगा तर गेलेला आहे, आणि ती बातमी बापाला सोसणार नाही. इथे गप्प बसणंही उत्तरच ठरतं. आपलं मन अशा वेळी डगमगतं, हे ते लपवत नाहीत. नियम मात्र सोडत नाहीत.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रकार शिरतो आणि घोळ तिथेच होतो. शब्द असे निवडायचे की ते खरे ठरावेत, पण ऐकणाऱ्याने चुकीचं समजावं. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याला नवीन नाही. कॅथलिक धर्मगुरूंना थारा देणं गुन्हा होतं त्या काळात इंग्लंडमध्ये हा वाद जिवावरचा झाला. 1595 मध्ये रॉबर्ट साउथवेल या येशूसंघीय फादरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या या शिकवणीवरच बोट ठेवलं गेलं. काही जण आणखी पुढे गेले: अर्धं वाक्य मोठ्याने बोला, उरलेलं मनात म्हणा, म्हणजे पाप नाही. ही पळवाट 1679 मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी निषिद्ध ठरवली. ते योग्यच झालं. ऐकणाऱ्याला फसवायचंच ठरवलं असेल, तर मनातल्या मनात पूर्ण केलेलं वाक्य त्याला खरं सांगत नाही.

खरं जाणून घेण्याचा हक्कच नसलेल्याला फसवलं, तर ते खोटं म्हणायचं का? डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी 1625 मध्ये खोट्याची व्याख्या या हक्कावरच उभी केली. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाच्या 1992 च्या आवृत्तीतही तशी अट होती. 1997 मध्ये ती काढली, मात्र हक्क नसलेल्याला खरं सांगायला कुणी बांधील नाही, हे वाक्य ठेवलं. लुथरन पाळक डीट्रिच बोनहोफर यांनी नाझींच्या कैदेत लिहिताना एका मुलाचं उदाहरण घेतलं. शिक्षक भर वर्गात विचारतो, तुझा बाप दारू पिऊन येतो ना? ते खरं असूनही मुलगा ‘नाही’ म्हणतो. बोनहोफर त्याला खोटं म्हणतात, पण दोष शिक्षकावर ठेवतात.

मला हे पटतं. दारात मारेकरी उभा असेल आणि गप्प बसणं म्हणजेच पत्ता देणं असेल, तर मी राहाबसारखंच बोलेन. मात्र त्याला ‘खरं’ म्हणणार नाही आणि देवापुढे क्षमा मागेन.

अशी वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. आपल्या घरांत येतो तो ऑगस्टीन यांच्या आजारी बापाचा प्रसंग. कॅन्सरचं निदान झालेलं असतं आणि नातेवाईक पाळकांना गाठून म्हणतात, ‘आईला काही सांगू नका हं.’ आईने विचारलं नसेल, तर पाळकांनी गप्प राहण्यात खोटं काही नाही. पण तिने हात धरून ‘मला काय झालंय?’ असं विचारलं, तर ‘काही नाही, साधी गाठ आहे’ हे खोटंच. तिला तो हक्क आहे. मायेने केलं म्हणून तो हिरावता येत नाही. ‘डॉक्टरांना आणि मुलांना बोलावतो, आपण सगळे मिळून बोलू’ असं म्हणता येतं, आणि मग खरंच बोलवावं लागतं.