सांभाळणाऱ्याची जखम उशिरा भरते, खरंच!

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की सगळे पेशंटची चौकशी करतात, पण जी बायको किंवा सून रात्री उठून उठून पेशंटला कुशीवर वळवते, डायपर बदलते, तिला "तू जेवलीस का" एवढंही कोणी विचारत नाही. तिने स्वतःसाठी वेळ मागितला तर ते नखरे वाटतात.

१९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि टीमने एक भारी प्रयोग केला. डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाणारा आजार) झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि साधारण त्याच वयाच्या, तेवढ्याच उत्पन्नाच्या पण ही जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली (हो, त्यांना विचारूनच!), मग फोटो काढत राहिले आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचे, फेस यायचा थांबला म्हणजे जखम भरली. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी ९ दिवस जास्त लागले.

कारण काय, तर जखम भरायला आधी थोडी सूज यावी लागते, त्या सिग्नलवर दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिथे पोचतात. ताण महिनोन्‌महिने राहिला की कॉर्टिसोलसारखी ताणाची हार्मोन्स तो सिग्नलच दाबून टाकतात. पुढच्याच वर्षी याच टीमला दिसलं की डिमेन्शियाच्या जोडीदाराला सांभाळणाऱ्यांच्या शरीरात फ्लूच्या लसीनंतर अँटीबॉडीजही कमी तयार होतात.

आता लगेच "सेवा केली की आजारी पडतो" असं समजू नका. १९९९ च्या एका अभ्यासात जोडीदाराची सेवा करणाऱ्या ज्या वयस्कर लोकांना त्याचा ताण होत होता, त्यांचा ४ वर्षांत मृत्यू होण्याचा धोका सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला, पण सेवा करूनही ताण नसलेल्यांमध्ये तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे भानगड सेवेची नाही, एकट्यावर पडलेल्या ओझ्याची आहे.

म्हणून मला ते मेडिटेशन अ‍ॅपचे सल्ले फार पटत नाहीत, जिला सलग चार तास झोप नाही ती अ‍ॅप कधी उघडणार? तिला बदली माणूस हवाय. आया ठेवणं परवडत नसेल तर फोनवरून सल्ले देणाऱ्या दीर-नणंदांनी आठवड्यातली एक रात्र येऊन झोपावं पेशंटजवळ, आणि त्या रात्री तिला हाक मारायची नाही, औषधाचा डबा कुठे ठेवलाय ते आधीच विचारून घ्यायचं.